टेंबावरचं कापड

"एकट्याचो होय, तो होय न्हय, पोरांनू. एकट्याचो होय म्हणजे नुसतो वारो."

धाकूआबांचा आवाज मला अजून तसाच ऐकू येतो. खरखरीत, आणि शेवटचा शब्द लांबवत नेणारा. आयुष्यभर टेंबावर, म्हणजे समुद्रात घुसलेल्या टेकाडावर, उभं राहून खालच्या होडीला हाका मारलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. बालवाडीच्या ओट्यावर ते उकिडवे बसले होते. खांद्यावर पांढरं कापड होतं. समोर गोणपाटावर माझ्या वर्गातली मुलं बसली होती, कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणाच्या हातात शंख.

"म्हणजे काय आबा?" दिग्यानं विचारलं. दिगंबर आमच्यातला सगळ्यात मोठा, सहा वर्षांचा, प्रश्नांचा कारखाना.

"असां बघ. तू होडयेत बसलंस. तुका काय दिसता?"

"पाणी."

"आणि?"

"आणि पाणीच!"

मुलं खिदळली.

"बरोबर सांगलंस. होडयेतल्याक पाण्याची चामडी दिसता, पोट दिसणा नाय. मासळी खय वळली, भायरसून मोठी लाट येता काय, तां तेका कळणा नाय. तां मी टेंबावयसून बघतंय."

"मगे तूच जा ना होडी घेवन!"

"मी गेलंय तर बघतलो कोण, तुझो आजो? आणि टेंबावयसून माका पाण्याची ओढ कळता काय रे? जाळां जड झाला काय हलक्या, तां वल्ह्यार हात आसा तेकाच कळता. म्हणान डोळे माझे, हात तांडेलाचे. तांडेल वल्हां वर करून इचारता, जावू? मी कापड हलयलंय, तर जायचा. मी खाली बसलंय, तर नाय जायचा. तो माझो धनी नाय, मी तेचो धनी नाय. दोघांचो मिळान एक होय."

मुलं पुढं सरकून ऐकत होती. तालुक्याहून मुख्यसेविकेनं 'सहकार्य' असं लिहिलेला एक तक्ता पाठवला होता. त्यावर मुंग्या साखरेचा दाणा ओढत होत्या. आदल्या आठवड्यात मी तो दाखवला, तेव्हा दिग्यानं विचारलं होतं, "बाई, मुंगयो मगे वाटे करतत काय? ओढूक नाय इली तिका पण देतत?" मी तक्ता गुंडाळून ठेवला. आमची वाडी रापणीची. तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, किनाऱ्यालगत होडीतून जाळ्याचा मोठा वळसा टाकायचा, त्याची दोन टोकं वाळूत आणायची आणि गावानं दोन्हीकडून ओढायची. इथल्या पोरांना मुंग्या कशाला शिकवायच्या? म्हणून मी आबांना बोलावलं होतं. कसं बोलावलं, कोणत्या तोंडानं, ते आज आठवत नाही. त्या दिवसांत मी सगळी कामं करत होते आणि त्यातलं एकही मला लागत नव्हतं.

"आबा," दिग्या म्हणाला, "आणि तांडेल टेंबाक न इचारताच गेलो तर?"

आबांनी खांद्यावरचं कापड सारखं केलं.

"बाईंचो घोव गेलो तसो," तोच पुढे म्हणाला. त्यात वाईट काही नव्हतं. घरी ऐकलं, इथं बोलला.

मागच्या कोपऱ्यात कुंदा बसली होती, आबांची नात. ती गोणपाटाचे धागे ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "माका आता जावक होया," म्हणाले, आणि चपला न घालताच, हातात घेऊन, वाळूतून चालत गेले.

मी उसळ वाढायला घेतली. वाटाण्याच्या गरम रश्शात माझा अंगठा बुडाला होता. दिग्या ओरडला, "बाई, बोट! बोट!" तेव्हा मी बघितलं. अंगठा लाल झाला होता. दुखायला हवा होता.

*

रापणीच्या होडीचा तांडेल जयराम, तो माझा नवरा. तेव्हा त्याचं नाव मी घेत नसे, आता लिहिताना घेते. दिवाळीच्या मागून एका सकाळी रापणीची होडी निघाली. वल्ही मारायला दोघं होते आणि मागच्या टोकाला जाळं सोडत जयराम. वळसा अर्धा झाला असेल. बाहेरून लाटांची रांग आली, होडी खडपाकडे, किनाऱ्याच्या खडकांकडे, फेकली गेली आणि पालथी झाली. दोघं पोहत आले. जयरामच्या पायात जाळ्याचा दोर होता.

त्याला वाळूवर आणला तेव्हा आत्मारामभाऊंनी, म्हणजे रापणीच्या मंडळीतल्या थोरल्या माणसानं, सगळ्यांसमोर आबांना विचारलं होतं, "धाकू, टेंबान होय म्हटला होता?"

आबा टेंबावरून धावत खाली आले होते. त्यांना धाप लागली होती.

"मी होय म्हणूक नाय," ते म्हणाले.

तेवढंच. त्यानंतर त्या विषयावर त्यांनी शब्द काढला नाही. कुणी विचारायचंही कारण उरलं नाही. टेंब होय म्हणाला नाही आणि होडी गेली, म्हणजे तांडेल आपल्या मनानं गेला. आपल्यासोबत दोघांचे जीव धोक्यात घालून गेला, जाळं फाडून बसला. रापणीत यापेक्षा मोठा अपराध नाही. त्याची शिक्षाही ठरलेली होती. त्या घराचा दोर सुटतो. म्हणजे त्या घरातल्या कुणी रापणीच्या दोराला हात लावायचा नाही. वाट्याला जाळ्यातलं काही नाही, आणि ओढताना ओळीत उभं राहायचंही नाही. ओळीबाहेरचं घर म्हणजे आमच्याकडे मेलेलं घर.

सोमवारी मंडळी बसणार होती. सोमवारी कुणी समुद्रात जात नसे.

"रवळनाथा, माझो हात सुटलो तर माका ने," असं आये, माझी सासू, दिवा लावताना म्हणायची. तिचे तळवे बघितले की कळायचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती दोर ओढत होती. तळहातावर दोराच्या वळ्यांचे घट्टे पडले होते, झाडाच्या सालीसारखे. लोक देव्हाऱ्यापुढं हात जोडतात. तिचे जोडले तरी मधे पोकळी राहायची.

*

आबा येऊन गेल्यानंतर मुलांना रापण खेळायचीच होती. मागच्या अंगणात चिऱ्यांचा ढीग पडला होता, बालवाडीच्या न बांधलेल्या स्वयंपाकघराचा. तो टेंब ठरला. माझ्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे करून मी त्यांना पीळ घातला, ते दोर झाले. होडी म्हणजे एकमेकांच्या कंबरेला धरलेली तीन पोरं.

तांडेल व्हायला सगळे तयार. टेंबावर जायला कुणी तयार नाही.

"थयसर मासळी गावणा नाय," बबन्या म्हणाला. त्याला चार वर्षंही पुरी नव्हती, पण वाट्याचं बरोबर कळत होतं.

"अरे, टेंबाचा वाटा तर आधी काढतात," मी म्हटलं.

"काढूंदेत. ओढूक तरी गावता काय? नुसता उभ्या रवाचा, पुतळ्यासारख्या!"

शेवटी सगळ्यांनी मिळून कुंदाला वर चढवलं. "हिचो आजो टेंबार आसता, मगे हिनाच जावक होया," असा दिग्याचा न्याय. कुंदा चढली. ती कधीच काही म्हणायची नाही. तिच्या जन्माच्या वेळीच तिची आई गेली होती आणि बाप गोव्याच्या ट्रॉलरवर कामाला होता. पाणवठ्यावरच्या बायका तिच्याकडे बघून, ती ऐकत असतानाच, म्हणायच्या, "आवशीक खावन इला ह्यां." पाच वर्षांची पोर. त्या बायका दुष्ट नव्हत्या. एखाद्या झाडाचं नाव सांगावं तसं सांगायच्या.

मी तिच्या हातात माझा पांढरा पंचा दिला. ती चिऱ्यांवर उभी राहिली. हात अंगाला घट्ट चिकटलेले.

दिग्यानं वल्हं म्हणून एक झावळी वर धरली. "टेंबाऽऽ! जावू काय गोऽऽ?"

कुंदा उभीच.

"जावू काऽऽय?"

तेवढ्यात बबन्या मागच्या बाजूनं चिऱ्यांवर चढायला लागला. वरचा चिरा सैल होता. कुंदानं वळून बघितलं आणि दोन्ही हातांनी पंचा जोरजोरात हलवला.

"मागे जा! मागे जा रे, पडशीत!"

"हाललां! हाललां! चला रे!" दिग्या ओरडला आणि होडी धावत सुटली.

कुंदा गर्रकन वळली.

"जावं नको!" ती किंचाळली. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं आम्हांला कुणाला माहीत नव्हतं. "ह्यां होय न्हय! मी हेका सांगतंय, तुमका नाय! ह्यां होय न्हय!"

होडी अंगणाच्या टोकाला जाऊन हसत वाळूत पडली. कुंदा चिऱ्यांवर तशीच उभी होती आणि तिच्या पायांवरून पाणी ओघळत होतं. चिरा लाल, ओला झाला. मुलं हसायला लागली.

"कुंदान मुतल्यान! टेंबार मुतल्यान!"

मी तिला उचलून आत नेलं. फ्रॉक काढला, घागरीतलं पाणी घातलं, अंग पुसलं. ती थंड होती, कोळंबीसारखी. मी काही विचारलं नाही. मला विचारायचं सुचलं नाही, खरं म्हणजे.

"बाई, आबाक सांगू नको," ती म्हणाली.

"काय सांगू नको?"

"कापड हललां तां. आबान सांगल्यान, खेळताना पण हलव नको."

मी तिचा फ्रॉक पिळत होते.

"त्या दिसा मी पेज घेवन गेल्लंय," ती म्हणाली. "मागल्या वाटेन. थयसर कडो आसा. आबान बघल्यान आणि असां असां केल्यान." तिनं रिकाम्या हातांनी दाखवलं, डोक्यावर, इकडून तिकडे. "मी मागे सरलंय. पेज सांडली. मगे आबा वळलो आणि मोठ्यान बोंब मारल्यान. माका वाटला, पेज सांडली म्हणान."

फ्रॉकमधलं पाणी कधीच निथळलं होतं. मी पिळतच होते.

*

फ्रॉक वाळेपर्यंत मी तिला माझ्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि घरी पोचवायला गेले. आबांचं घर टेंबाच्या मागच्या अंगाला आहे, समुद्र न दिसणारं. समुद्राकडे सगळा दिवस बघणाऱ्या माणसानं दार मात्र त्याच्याकडे पाठ करून बांधलं होतं. आबा अंगणात सुंभ वळत बसले होते. त्या दिवसापासून ते टेंबावर गेले नव्हते. रापणही झाली नव्हती.

"काय झाला?" त्यांनी साडीत गुंडाळलेल्या नातीकडे बघून विचारलं.

"फ्रॉक भिजलो. धुतलंय."

"कित्यान भिजलो?"

"खेळताना."

"काय खेळी होती पोरां?"

"रापण."

सुंभ त्यांच्या बोटांत थांबलं. "टेंबार कोण होता?"

कुंदानं माझं बोट धरलं होतं. तिची पकड घट्ट झाली. लहान मुलाच्या हाताला किती जोर असतो.

"कोण नाय," मी म्हटलं. "आज टेंब नव्हतोच."

"टेंबाशिवाय रापण?"

"पोरां आसत, आबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. पाण्यात सावली दिसली तर ती मासळीची की ढगाची, ते ठरवताना बघत असतील तसे. मीही बघत होते. त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या, दाढीचे खुंट पांढरे, डोळ्यांच्या कडा लाल. 'मी होय म्हणूक नाय.' त्यांनी खोटं काही सांगितलंच नव्हतं.

राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघितली, एसटीची बघावी तशी. आला नाही.

"पेज घेतंस, बाई?" त्यांनी विचारलं.

"नको. आये वाट बघत असतली."

*

"खय होतंस?" आयेनं विचारलं.

"कुंदाला पोचवायला गेले होते."

"धाकवाच्या घराक? तेच्या उंबऱ्यार तुझो पाय पडलोच कसो? ज्या माणसान 'मी होय म्हणूक नाय' म्हणान माझ्या झिलाक मेल्यावर परत मारल्यान!"

मी चूल पेटवली. ती माझ्या मागं मागं फिरत होती.

"उद्या मंडळी बसतली. शेवटाक दोनच जणांक इचारतत. एक होडी, एक टेंब. होडीचो माणूस गेलो, म्हणजे तेच्या बायलेन बोलूचा. तू काय सांगतलंस?"

"काय सांगू?"

"सांग, माझ्या घोवान टेंब बघलो होतो. टेंब हाललो होतो. वल्ही मारणारे दोघय सांगतत ना, जयराम बोललो, 'टेंब हाललो, मारा वल्ही' म्हणान?"

"त्यांनी स्वतः कुठं बघितलं? सूर्य टेंबाच्या मागं होता. त्यांच्या डोळ्यांत ऊन होतं."

"म्हणजे तू पण म्हणतलंस काय जयराम खोटो बोललो?"

"मी होडीत नव्हते, आये."

"मगे रड तरी गो!" ती ओरडली. "चार माणसांत उभी रवान रड! तुका रडूक पण येणा नाय? दगड हाडलंय मी घरात, जांभो दगड! जांभ्याक तरी पाणी सुटता."

भात शिजला. आम्ही जेवलो. मग ती भिंतीला टेकून बसली आणि तिनं आपले हात मांडीवर उताणे ठेवले. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत होती. मग ओव्या म्हणायला लागली. जात्यावरच्या नव्हत्या, दोर ओढतानाच्या होत्या, पण कुणी ओढत नसल्यामुळे फार हळू.

*दोराचो गे पीळ, हातात गे ऱ्हवलो,*
*झील माझो गेलो, लाटेखाली.*

*दोर माका देवा, सोन्याहून गोड,*
*शेजाऱ्याची जोड, सोडव नको.*

तिच्या शेजारी मी बसले होते. मला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ते बोलले असते तर तिचे हात परत दोराला लागले असते, तिच्या मुलाचं नाव धुऊन निघालं असतं. आणि उद्या संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर दुसरं वाक्य तयार झालं असतं. आधी आवशीक खाल्ल्यान, आता तांडेलाक. आयेनंच ते पहिल्यांदा म्हटलं असतं.

मी भांडी घासायला उठले.

*

सोमवारी दुपारी सुरूच्या झाडांखाली मंडळी बसली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. मुलं कुठंही. बालवाडीची सुट्टीही आमच्याकडे रविवारऐवजी सोमवारीच असे, म्हणून माझी सगळी मुलं तिथंच होती, दिग्या तर आत्मारामभाऊंच्या पायाशी. आबा बुंध्याला टेकून बसले होते आणि कुंदा त्यांच्या गुडघ्याला चिकटून.

वल्ही मारणाऱ्या दोघांनी आपलं सांगितलं. ऊन डोळ्यांत होतं. जयराम म्हणाला, टेंब हाललो. आम्ही वल्ही मारली.

"तुमी बघलात?"

"आमका दिसाक नाय, भाऊ."

"बरां." आत्मारामभाऊंनी बायकांकडे बघितलं. जाळं टाकण्याआधी किनाऱ्यावरून जशी हाक घालतात तशीच त्यांनी घातली, फक्त हळू. "होडी काय म्हणता?"

आयेनं मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले. साडीला वाळू चिकटली होती, ती झाडली. सगळे बघत होते. कुंदा आबांच्या धोतराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

"होडयेक काय म्हणूचा नाय," मी म्हटलं.

"काय?" आये उठली. "ह्यां काय बोलता? ह्यां माझ्या झिलाचा नाव..."

"आये, तू बस," आत्मारामभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, बापासारखे, "गो नलू, इचार करून बोल. तुमचो दोर सुटतलो. तुझो आणि ह्या म्हातारेचो. तुका ठावक आसा मा?"

"आसा."

"तरी काय म्हणूचा नाय?"

"नाय."

मी खाली बसले. आये माझ्यापासून दूर सरकली. तिनं पदर तोंडात धरला होता. समुद्राला ओहोटी होती आणि लाटांचा आवाज लांबून, दुसऱ्या गावातून आल्यासारखा येत होता. दिग्या माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं विचारलं नाही.

"मगे," आत्मारामभाऊ म्हणाले, "टेंबाक इचारूचा म्हणून इचारतंय. तेचा आधीच आमका ठावक आसा. धाकू, टेंब काय..."

आबा उठून उभे राहिले. त्यांना उठायला वेळ लागला. झाडाला धरून उठले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"पोरांनू," ते म्हणाले, "हयसर बसान काय करतात? पाणी ओसारला. खडपात कुर्ल्यो भायर इल्यो असतल्यो. जावा, धरा. दिग्या, सगळ्यांक घेवन जा. बबन्याचो हात धर."

"आबा, मंडळी चालू आसा," कुणीतरी म्हणालं.

"म्हणानच."

मुलं उठली, वाळू उडवत पळाली. कुंदा उठली नाही. आबांनी वाकून तिच्या बोटाला गुंडाळलेलं धोतराचं टोक सोडवलं.

"तू पण जा, बाय."

"तू येतंस?"

"येतंय. एवढा बोलान येतंय."

ती गेली. सगळ्यांच्या मागून, मधे मधे वळून बघत. आबा ती पाण्याच्या कडेला पोचेपर्यंत थांबले. मंडळीतले लोक चुळबुळ करायला लागले. एकानं विडी पेटवली, दुसऱ्यानं ती विझवायला लावली. लांबून दिग्याचा आवाज आला, "गावली! मोठी गावली!" आणि त्यात कुंदाचं हसू. बारीक, पण तिचंच.

मग आबांनी खांद्यावरचं कापड काढलं, त्याची घडी घातली आणि आत्मारामभाऊंच्या पुढ्यात वाळूवर ठेवली.

"कापड हललां होतां," ते म्हणाले.

आयेच्या तोंडातून पदर सुटला.

"तूच सांगलंस धाकू," आत्मारामभाऊ म्हणाले, "ह्याच वाळूत. होय म्हणूक नाय म्हणान."

"होय म्हणूकच नाय. पण हललां. जयरामान वल्हां वर करून टेंबाक इचारल्यान, रीतीपरमाण. टेंबाचा कापड हललां. तां तेना बघल्यान आणि गेलो. तांडेलाचो दोष नाय. तेच्या आवशीचो दोर सुटाचो नाय, तेच्या बायलेचो सुटाचो नाय. सुटाचो तर माझो."

"पण होय म्हणूचा नव्हता, तर हलयलंस कित्याक?"

आबांनी खडपाकडे बघितलं. मुलं ओणवी होऊन दगडाखाली काहीतरी शोधत होती. इतक्या लांबून कोण कुठलं ते ओळखू येत नव्हतं.

"त्या येळाक माझी नजर माझ्या घराकडे होती, आत्माराम," ते म्हणाले. "दर्यार नाय."